गव्याचे मागचे पाय

सरावलीत जिवल्याकाका घाटाळांची एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि प्रत्येकाची निराळी आहे.

वडापाववाले कमलाकांतशेठ ती सांगायच्या आधी झारा कढईच्या काठाला टेकवतात. मग आवाज खाली आणतात, जणू गवा मागच्या गल्लीतच उभा आहे. "ऐक. हा जिवल्या कमरेत वाकून का चालतो? पोरवयात डोंगरावर लाकडं आणायला गेला. समोर रानगवा. एवढा. नाय, एवढा. शिंगावर घेतला आणि दिला भिरकावून. पडला तो करवंदीच्या जाळीत. तवापास्नं कणा जो वाकला तो वाकलाच." एवढं होईपर्यंत एखादा वडा करपतो. तो ते ऐकणाऱ्याच्याच पावात घालतात.

शिलाईवाल्या मेघालीताईंच्या ओठांत कायम टाचण्या असतात, त्यामुळे त्यांची गोष्ट नाकातून येते. "भिलकावला नाय गो, पाठीवल बशला होता. गव्याच्या. पैज लावून." टाचण्या काढल्या की गोष्ट संपते, कारण मग गिऱ्हाईक येतं.

आणि कंपनीच्या गेटवर पाळी बदलताना जे पोरगं नवीन लागलेलं असतं त्याला हिंदीत सांगतात, "वो जो झुक के जा रहा है ना, उसने जंगल में सांड से कुश्ती की थी। जंगली सांड। सांड मर गया, ये झुक गया।"

सगळं खोटं. जिवल्याकाकांनी जन्मात जिवंत गवा पाहिलेला नाही. मनोरच्या पुढच्या डोंगरात, जिथे त्यांचं सासर आहे, तिथल्याही कुणी पाहिलेला नाही. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, आमच्या आज्याच्या आज्यानं पाहिला होता, आणि मग आज्याच्या आज्याबद्दलच सांगत बसतात. काकांचा कणा पण ठणठणीत आहे. पालघरच्या बसमध्ये जागा मिळाली नाही की ते खांबासारखे ताठ उभे राहतात.

ते वाकून चालतात, पण फक्त होळीच्या आधीचा महिना-दीड महिना. सराव म्हणून. कारण ते गव्याचे मागचे पाय आहेत.

हे नीट सांगायला हवं.

काकांची सासुरवाडी म्हणजे कासपाडा. तिथे होळीनंतर बोहाडा होतो. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून देव नाचतात, राक्षस नाचतात, वाघ नाचतो, आणि शेवटी गवा. कुठला मुखवटा कुठल्या घराचा हे ठरलेलं असतं आणि ते घर सोडून दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नसतो. बाकीची सोंगं रात्री निघतात. गवा मात्र सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, कारण गव्याच्या पायांना गुडघ्यापासून खाली चुना फासलेला असतो आणि तो उजेडात दिसला पाहिजे. सगळं अंग काळं आणि पाय पांढरे, जसे काही मोजे घालून निघाला आहे. आज्याच्या आज्यानं एवढं मात्र नीट बघून ठेवलं होतं.

गवा एका माणसाच्या आवाक्यातला नाही. दोन लांब बांबू, त्यांच्यावर उलटी टोपली बांधून केलेला खांद्याचा उंचवटा, वरून काळ्या घोंगड्या. पुढचा माणूस बांबूंची पुढची टोकं खांद्यावर घेऊन ताठ उभा राहतो आणि मुखवटा चढवतो. मागचा कमरेत वाकून मागची टोकं खांद्यावर घेतो, कारण गवा पुढं उंच आणि मागं उतरता. पुढचा मान त्या घरच्या मुलाचा. आणि मागचे पाय, पहिल्यापासून, त्या घरच्या जावयाचे.

हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नाही, पण ज्यानं ठरवलं त्याला सासर म्हणजे काय ते पुरतं कळलेलं होतं.

जिवल्याकाकांचं बुधीकाकूंशी लग्न झालं त्याच वर्षी सासऱ्यांनी त्यांच्या हातात शेपूट दिलं. खरं शेपूट, ताडाच्या झावळीच्या धाग्यांचं. काकू अजून सांगतात, "आमच्या बानं जावयाला घड्याळ नाय दिला, सायकल नाय दिली, शेपूट दिला. आनि हे हसत घरी घेऊन आले." पुढे उभा राहायचा काकूंचा भाऊ, सुका भोये. तेव्हापासून दर वर्षी पुढे सुका, मागे काका. बायका कडेला बसून म्हणतात, "जावई आला का? मग शेपूट काढा." हे ऐकून सगळा पाडा दर वर्षी नव्यानं हसतो.

काकांना हसण्याचं वाईट वाटत नाही. ते स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसतात. त्यांना बोचायचं ते वेगळंच. गवा मांडवाजवळ आला की बायका मुखवट्याला कुंकू लावतात. तान्ही पोरं आणून शिंगांना टेकवतात. माइकवरचा माणूस ओरडतो, "गवा, सुका भोये यांचा." मग पुढच्याला चहा येतो. एका वर्षी सुका मुखवटा उतरवून चहा प्यायला गेला, गप्पांत रमला, आणि काका घोंगडीखाली तसेच वाकून उभे. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "गव्याची पाठची बाजू अजून हितंच हाय बगा," तेव्हा कुठे त्यांना बाहेर काढलं. चहा संपला होता.

काकांना एकदा, एकच वर्ष, पुढं व्हायचं होतं. त्यांनी हे बुधीकाकूंना सांगितलं, मुलीला सांगितलं, कमलाकांतशेठना सांगितलं, आणि कंपनीत बिसाहूला तर दर आठवड्याला सांगायचे. फक्त सुकाला कधी नाही सांगितलं. तसं मागायचं नसतं. घरच्या मुलाचा मान जावयानं मागितला तर उद्या जमीनही मागेल.

बिसाहू म्हणजे काकांचा जोडीदार, छत्तीसगडचा. कापड रंगवायच्या कंपनीत ओल्या कापडाची ट्रॉली ढकलायचं दोघांचं काम. ट्रॉली म्हणजे पाण्यानं जड झालेला डोंगरच. बिसाहू पुढून ओढतो, काका मागून ढकलतात. समोर कापडाची भिंत असल्यामुळे काकांना काही दिसत नाही, तरी ते खालून चाकांकडे बघत बघत अशी वळणं घेतात की एक थेंब लादीवर सांडत नाही. एकदा गवा म्हणजे काय ते सांगताना त्यांनी हातांनी शिंगं केली, पाठ केली, पायांवरचा पांढरा रंग दाखवला.

बिसाहू म्हणाला, "अरे दादा, ये तो गौर है। हमारे उधर सब गौर बोलते हैं।"

"गौर?" काका थांबले, त्यामुळे ट्रॉली थांबली, त्यामुळे मागची दुसरी ट्रॉली थांबली. "गौर मतलब गोरा ना? अरे, ये काला है। एकदम तवा।"

"नाम मैंने थोड़ी रखा, दादा।"

"फिर किसने रखा? अंधा था क्या?"

मागून सुपरवायझरचा आवाज आला, त्याला गौरात रस नव्हता. पण काकांच्या डोक्यातून ते गेलं नाही. घरी येऊन ते पाय न धुताच मुलीपुढे बसले. भाग्यश्री पालघरच्या कॉलेजात शिकते आणि बापाचे प्रश्न तिला परीक्षेच्या प्रश्नांपेक्षा जास्त येतात. तिनं मोबाइलवर बोट फिरवलं, दोन-तीन ठिकाणी वाचलं, आणि मास्तरणीसारखी मान ताठ केली.

"हे बघा बाबा. आपण गवा म्हणतो, तो संस्कृतातला गवय. गाईच्या जातीतला. आणि गौर पण संस्कृतातलाच. गौर म्हणजे पांढरट, पिवळट, तांबूस. जुन्या पोथ्यांत रानातल्या एका मोठ्या गुराला तेच नाव आहे."

"मग काळ्याला गोरा का म्हटला?"

"ते इथं नीट दिलेलं नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा सोनेरी असतं म्हणे, मोठं होता होता काळं पडतं. त्यावरून असेल. नसेलही."

काकांनी खाली बघितलं. पायांना कंपनीतला निळा रंग लागला होता, पण त्यांना तिथे दुसरंच काही दिसत होतं.

"पाय," ते म्हणाले.

"काय पाय?"

"सगळा गवा काळा. गोरे काय हायत? पाय. पायांवरनं नाव पडला. चार पाय गोरे, म्हनून गौर. त्यातले दोन माझे." त्यांनी हिशेब लावून मांडी ठोकली. "म्हंजी अर्धं नाव माझं."

"असं कुठं लिहिलेलं नाही बाबा."

"आता लिव."

चुलीजवळून बुधीकाकू म्हणाल्या, "अर्धं नाव तुमचं, ते बरं झालं. आता अर्धी भाकरी खा आनि उठा, पीठ संपलंय."

दुसऱ्या दिवशी सरावलीत, बोईसरच्या नाक्यावर आणि कंपनीच्या कँटीनमध्ये प्रत्येकाला कळलं की गौर हे नाव पायांवरून पडलं. बिसाहूनं ते गावी फोन करून सांगितलं. तिकडून काय उत्तर आलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आणि मग यंदा, होळी तोंडावर आली असताना, सुकाचा पाय गेला. मनोरला टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेत सुका सीमारेषेवर उभा होता. या वयात त्याला तिथे उभा केला तेच मुळात कुणाचं तरी चुकलं. कॅच घ्यायला मागे मागे गेला आणि बांधावरून खाली. कॅच घेतला, असं तो सांगतो. घोटा फुगून नारळाएवढा झाला आणि वर प्लास्टर आलं.

पाड्यात बैठक बसली. सुकाला मुलगा नाही, एक मुलगी, चिमी. म्हाताऱ्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. मुखवटा एक वर्ष बंद ठेवायचा का? ते कुणालाच पटेना. शेवटी सुकाच म्हणाला, "भावजींना फुडं करा. गव्याची सवय त्यांच्या अंगाला हाय. पाठी चिमीचा नवरा."

फोन काकांना ट्रॉलीजवळ आला. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले, फोन खिशात ठेवला, आणि बिसाहूला न सांगता एवढ्या जोरात ट्रॉली ढकलली की बिसाहू पुढे पळत सुटला आणि भिंत आल्यावर कळलं की आज काहीतरी झालंय.

चिमीचा नवरा नीलेश, केळव्याचा. मासेमार घरातला, रुंद छातीचा, चालला की होडीत चालल्यासारखा दोन्हीकडे डुलणारा. चिमी तिथल्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला होती, हा तिथे पापलेट घेऊन यायचा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि शेपटाची गोष्ट त्याला अजून कुणी सांगितलीच नव्हती. सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काका, मना काय ह्या जमाचा नाय. आमी पान्यातली मानसं. आमच्याकं जावयाला मान देतात."

"हा मानच हाय," काका म्हणाले. "वाकून घ्यायचा मान."

आदल्या दिवशी सगळे कासपाड्यात पोचले. बिसाहूही आला, त्याला गौर बघायचा होता. काकांना रात्री झोप आली की नाही हे बुधीकाकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "झोप कसली. अंथरुनातसुदा मान हलवत होते. डावीकडं, उजवीकडं. माझ्या नाकाला दोनदा लागला."

सकाळी ऊन माळावर आलं. आंब्याखाली मांडव. एका कडेला लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत सुका, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. त्याच्या शेजारी बर्फगोळ्याची गाडी, रंगीत छत्रीसकट. भाग्यश्री मोबाइल धरून सगळ्यांच्या पुढे. काकांच्या पायांना बुधीकाकूंनीच चुना लावला, आणि लावताना म्हणाल्या, "फुडचे पन पायच हायत. चेहरा कुठं दिसतोय तुमचा?" काकांच्या हे आजवर लक्षात आलं नव्हतं. पण तेवढ्यात सुकानं मुखवटा पुढे केला, आणि ते विसरून गेले.

कुंकू लागलं. एक तान्हं पोर शिंगाला टेकवलं, ते रडलं. माइकवरचा माणूस ओरडला, "गवा, जिवल्या घाटाळ यांचा." काकांच्या अंगावर घोंगडीच्या आत काटा आला. सांबळ वाजलं, पिपाणी चढली.

आणि गवा उभा राहिला.

सांबळवाल्यानं एक फेरा वाजवला. दुसरा वाजवला. गवा उभाच. माणसं आधी कौतुकानं बघत होती, मग नुसती बघायला लागली.

आत काय चाललं होतं ते नंतर दोघांनीही सांगितलं, आणि एकदा तरी दोघांचं जुळलं. मुखवट्याचे डोळे रंगवलेले. त्यांना भोकंच नाहीत. दिसतं ते नाकपुड्यांतून, आणि नाकपुड्यांतून दिसते ती फक्त पायापुढची मातीची एक वीत. काका ती एक वीत बघत उभे होते. इतकी वर्षं ते धरून चालले होते की पुढचा बघतो आणि ओढतो, मागचा त्याच्या मागून जातो. आता ते पुढं होते आणि त्यांना मांडव दिसत नव्हता, सुका दिसत नव्हता, जग दिसत नव्हतं. ते मागून धक्का यायची वाट बघत होते. मागचा पुढून ओढ यायची वाट बघत होता.

"नीलेश, चल."

"तुमी चला, मंग मी येतो."

"मला दिसत नाय."

"मना तरी कुटं दिसतं? हितं घोंगडी हाय."

"पोटाखालनं बघ. सांबळवाल्याचे पाय दिसतील. त्याच्या पायांवर चल."

"हितं खूप पाय हायत. कुनाचे कुटले?"

काकांना सांगता येईना. सांबळवाल्याचे पाय कसे ओळखायचे हे कुणी त्यांना कधी शिकवलं नव्हतं. ते नुसते ओळखायचे, जशी ट्रॉलीची चाकं ओळखायचे.

बाहेर माइकवरच्या माणसाला शांतता सहन होईना. "गवा," तो म्हणाला, "विचार करतोय." लोक हसले. मग तो म्हणाला, "गवा जंगलात पन असाच उभा राहतो." एक म्हातारा म्हणाला, "तू पाहिला कधी?" तेव्हा माइक बंद झाला.

काकांनी शेवटी नशिबाच्या भरवशावर पाऊल टाकलं. मग दुसरं. नीलेश मागून डुलत आला, डावीकडे, उजवीकडे, भरती-ओहोटीसारखा, आणि गव्याचं पुढचं अर्धं अंग मांडवाकडे निघालं तर मागचं केळव्याकडे. पोरं मागे सरकली. शिंग कशात तरी अडकलं. काकांनी मान झटकली, आणि बर्फगोळ्याच्या गाडीची छत्री उचकटून गव्याच्या डोक्यावर आली. काळं जनावर, पांढरे पाय, वर लाल-पिवळी छत्री. बर्फवाला छत्रीमागे धावला. बाटली कलंडली आणि गव्याचा एक पाय काला खट्ट्याचा झाला.

सगळा माळ हसत होता. त्यात एक हसू काकांना वेगळं ऐकू आलं, अगदी जवळून, खुर्चीतून. सुका पोट धरून हसत होता.

काकांनी मुखवट्यातूनच म्हटलं, "सुका, ह्यातनं काय दिसत नाय रे."

"नाय दिसत," सुका म्हणाला.

"तुला पन नाय दिसायचं?"

"कदीच नाय."

"मग तू चालायचास कसा?"

सुका डोळे पुसत म्हणाला, "तुमी बांबू दाबाल तिकडं. डाव्या खांद्यावर दाबला की डावीकडं. मला वाटलं तुमाला माहीत हाय."

"मला वाटलं तू ओढतोस."

"मी कशाला ओढतो. मी नुसता मान हलवतो आनि कुंकू लावून घेतो."

काकांच्या कपाळावर घाम आणि घामात ते ओलं कुंकू उतरत होतं. त्यांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नाव पुकारलं गेलं होतं, पोर टेकवलं होतं, मांडवात त्यांच्या नावाचा चहा उकळत होता. आणखी दहा पावलं कशीबशी खेचली असती तर गवा मांडवापर्यंत गेलाही असता, लंगडत, छत्री घेऊन. कुणी काही म्हणालं नसतं. पण सांबळाचा आवाज पातळ व्हायला लागला होता. सांबळवाल्याचा हात थकलेला नव्हता, त्याला नाचणारं कुणी सापडत नव्हतं. तो आवाज काकांनी मागून इतकी वर्षं ऐकला होता आणि असा उपाशी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी मुखवटा उचलला. भर माळावर, सगळ्यांसमोर. आतून लालभडक कपाळाचे, घामेजलेले, हसणारे जिवल्याकाका बाहेर आले.

"नीलेश, हिकडं ये. हा घे, डोक्यावर घे. तू फक्त मान हलव. दुसरं काय करू नको."

"आनि चालू कुटं?"

"त्याची काळजी पाठची."

शिंगातली छत्री सोडवून बर्फवाल्याला दिली आणि ते मागे गेले. घोंगडी उचलली, वाकले, बांबू खांद्यावर आले. खाली पोटाच्या फटीतून माती, धूळ, चपला, आणि त्या सगळ्यांत सांबळवाल्याच्या भेगाळलेल्या टाचा. त्यांनी डावा बांबू दाबला.

गवा फिरला.

असा फिरला की पुढच्या रांगेतल्या बायका ओरडून उठल्या. मग तो पोरांवर चालून गेला, ऐन वेळी थबकला, मान हलवली. मान नीलेशची होती आणि होडीत वाढलेल्या माणसाची मान म्हणजे काय ते कासपाड्यानं पहिल्यांदा पाहिलं. गव्यानं गुडघे टेकले, उठला, मातीत खूर घासला. सांबळवाला घामानं निथळत हसत होता आणि हात दिसेनासे झाले होते. बिसाहू बाजूच्याला सांगत होता, "पीछे वाला मेरा जोड़ीदार है। पीछे वाला।" बाजूच्याला हिंदी येत नव्हती, तरी तो हो म्हणाला.

गवा मांडवाजवळ येऊन थांबला. माइकवरच्या माणसाला आता प्रश्न पडला. मुखवट्यात केळव्याचा जावई, आणि पुकारायचं कुणाचं नाव? त्यानं सुकाकडे बघितलं. सुकानं भाग्यश्रीकडे हात केला. तिनं मोबाइल बुधीकाकूंकडे दिला, माइक घेतला, आणि कॉलेजातल्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात म्हणाली, "गवा. पाठी जिवल्या घाटाळ. फुडं नीलेश."

पाठीचं नाव आधी. असं तिथे कधी झालं नव्हतं. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तंबाखू मळायला घेतली. तिथे त्याचा अर्थ चालेल असा होतो.

चहा मागे गेला. काका घोंगडीतच वाकून प्यायले, बाहेर यायला तयार नव्हते. सुका लंगडत जवळ आला आणि घोंगडीला म्हणाला, "फुडच्या वर्साला माझा पाय बरा होईल. पन मी म्हनतो, तुमीच ठरवा कोन कुठं ते."

घोंगडी म्हणाली, "तू फुडं. मला पाठनं दाबायला कुनीतरी आपलं पाहिजे."

"आनि हा केळव्याचा?"

"त्याला मान हाय. त्याला कायतरी नवीन काढू. दुसरा गवा करू."

नीलेश मुखवट्यातून म्हणाला, "मना आदी ह्यातनं बाहेर काडा."

भाग्यश्रीच्या मोबाइलवर सगळं आहे, फक्त शेवटचा भाग बुधीकाकूंनी धरल्यामुळे त्यात गव्यापेक्षा काकूंचा अंगठा जास्त दिसतो. छत्री मात्र स्पष्ट दिसते. तो व्हिडिओ सरावलीत प्रत्येकानं पाहिला आणि तरीही कमलाकांतशेठ गिऱ्हाइकाला भिरकावल्याचीच गोष्ट सांगतात. त्यांचं म्हणणं, ही गोष्ट वड्याबरोबर जास्त जाते.

राहता राहिली माझी काकांशी लागलेली पैज. ती सांगितली नाही तर काका स्वतः सांगतील, म्हणून मीच सांगते. मी चाळीत राहते, काकांच्या दोन दारं पलीकडे, आणि माझ्या नकलांच्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. शेठ, मेघालीताई, आमचे गणिताचे सर, बसचा कंडक्टर, सगळ्यांचे आवाज आणि सगळ्यांच्या चाली माझ्याकडे आहेत. मी काकांना म्हणाले, तुमची चाल त्यात काय, मी पण मागचे पाय होऊन दाखवते. काका म्हणाले, "सलोने, चाल घेशील. पन चालवशील का?" पैज अशी ठरली की मी मागे, ते पुढे, डोळे मिटून, आणि मी त्यांना पाण्याच्या टाकीपासून शेठच्या गाडीपर्यंत नुसत्या बांबूनं न्यायचं. मी जिंकले तर काका पुढच्या बोहाड्याला मला घोंगडीत घेणार. मी हरले तर आठ दिवस कुणाची नक्कल नाही. सरांचीसुद्धा नाही.

मी वाकले. अगदी त्यांच्यासारखी, गुडघा बाहेर, टाच आधी. भाग्यश्री म्हणाली, हुबेहूब बाबा. मी डावा बांबू दाबला. काका डोळे मिटून, मान हलवत, विश्वासानं डावीकडे गेले, आणि मेघालीताईंच्या वाळत घातलेल्या सहा परकरांतून आरपार जाऊन थेट सांडपाण्याच्या नालीत उतरले. गुडघ्यापर्यंत. वर आले तेव्हा त्यांचे दोन्ही पाय काळे होते आणि ते एवढे हसत होते की त्यांना उभं राहता येत नव्हतं.

मेघालीताई ओठांतल्या टाचण्या न काढता मला जे काही बोलल्या, ते मी आठ दिवसांनी करून दाखवीन.